कल्पित नगरांचे पाणी

विज्ञानकथेतील नगर म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहतात ते आभाळाला भिडणारे मनोरे आणि त्यांच्यामधून उडणारी वाहने. परंतु कथा वाचून बरीच वर्षे लोटल्यावर त्या नगराचे जे काही मनात शिल्लक उरते, ते बहुधा पुष्कळच साधे असते, म्हणजे तिथली माणसे आंघोळ कुठे करीत, पाणी कसे पुरवून वापरीत आणि रात्री कुठे निजत. आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४) या कादंबरीत भविष्यातील न्यूयॉर्क पोलादी छताखाली पूर्ण झाकलेले आहे आणि तिथे घरोघरी न्हाणीघर नसून सर्वांना सार्वजनिक स्नानगृहात जावे लागते. तिथे पुरुषांनी एकमेकांशी बोलायचे नाही असा कडक संकेत आहे, आणि स्वतःच्या घरात हात धुण्याचे बेसिन चालू असणे ही हुद्द्यानुसार मिळणारी सवलत आहे. त्या शहरातील गर्दी, टंचाई आणि श्रेणीव्यवस्था या तिन्ही गोष्टी त्या एका बेसिनमधून जितक्या नेमक्या कळतात, तितक्या लोकसंख्येच्या आकड्यांतून कळत नाहीत. कल्पित नगराची खरी परीक्षा त्याच्या न्हाणीत, स्वयंपाकघरात आणि छपरावर होते, असे म्हणण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' (१९६५) या कादंबरीत हीच परीक्षा अधिक कठोर होते. वाळवंटी ग्रहावरील राजधानीत सरदाराच्या वाड्यापुढे खजुराची २० झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी लागते आणि एका माणसाला ८ लिटर, म्हणजे ती शोभेची रांग १०० माणसांचे पाणी पिऊन उभी आहे, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तिच्याकडे हा हिशेब मनात ठेवूनच पाहतो. अकोल्याच्या किंवा दर्यापूरच्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांमधून जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, तिथे गाळाच्या जाड थराखालचे भूजलच खारे आहे. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिण्याच्या कामाचे नसते आणि सतत ओलिताला वापरले तर जमीनही बिघडवते. अशा गावांतील घरात पाणी दोन जातींचे असते, गोडे आणि वापरायचे, आणि त्यांची भांडी एकमेकांत मिसळू दिली जात नाहीत, कारण खाऱ्या पाण्यात डाळ धड शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. हर्बर्ट यांनी पाण्याच्या अभावावर एक संस्कृती रचली. हाताशी असलेले पाणी निरुपयोगी असणे ही त्याहून गुंतागुंतीची स्थिती आहे, आणि तिच्यावर रचलेले नगर मराठी विज्ञानकथेत ठळकपणे उभे राहिलेले नाही.

याचा अर्थ मराठीत कल्पित नगर झालेच नाही असा नव्हे. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या दृष्टीने फार मोलाची आहे. पानिपतची लढाई मराठे जिंकले असते तर, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी प्रथम मुंबईच्या रस्त्यावर दिले आहे: गंगाधरपंत गाडीने मुंबईला उतरतात, स्थानकासमोर ईस्ट इंडिया कंपनीची भव्य इमारत पाहतात, ब्रिटिश दुकाने आणि बँका ओलांडत जातात, आणि इतिहास कुठे वळला याचा शोध घ्यायला ग्रंथालयात शिरतात ते त्यानंतर. पाट्या आणि इमारती यांनी इतिहासाचा पुरावा द्यावा, ही योजना अत्यंत कुशल आहे. तथापि ते नगर पाहुण्याच्या नजरेने, दिवसाउजेडी पाहिलेले आहे. तिथे संध्याकाळी कोणाच्या घरी चूल पेटते हे कथेला सांगायचे नाही. मराठी विज्ञानकथेचा पुष्कळसा भाग प्रयोगशाळा, परिषदा आणि मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात घडतो, आणि घर ही वस्तू तिथे बहुतेक वेळा केवळ संवादाची जागा म्हणून येते.

या संदर्भात वऱ्हाडातील एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. अचलपूरला लागून असलेल्या परतवाडा या गावात मराठीतील दोन थोर कादंबरीकार जन्मले: १९१६ साली गो. नी. दांडेकर आणि १९४१ साली अरुण साधू. दांडेकरांनी 'पूर्णामायची लेकरं'मध्ये पूर्णाकाठचे दैनंदिन जीवन तिथल्याच बोलीत उभे केले. साधूंनी 'विप्लवा' ही विज्ञानकादंबरी लिहिली, पण नगर म्हणून त्यांच्या लेखनात जे घट्ट रोवले गेले ते 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' यांतील मुंबई. एकाच मातीतून निघालेले हे दोन प्रवाह, घरदाराचे बारीक ज्ञान आणि भविष्याची भूक, एकत्र आले असते तर पूर्णाकाठी एक अस्सल परग्रहनगरी उभी राहिली असती.

तिची सामग्री आजही शाबूत आहे. वऱ्हाडात शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, म्हणून तिच्यावर भिंत टिकवणे अवघड जाते. पांढरीवरचे जुने घर धाब्याचे असे. धाबे म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या घालून, त्यावर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकावी लागे, म्हणजे ते घर दरवर्षी थोडे थोडे पुन्हा बांधले जाई. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या मे महिन्यात मातीचा तो थर दुपारची आच खोलीत उशिरा पोचू देई, आणि रात्री त्याच छपरावर घरचे लोक निजत. सिमेंटचा स्लॅब आला तेव्हा दरवर्षीची डागडुजी सुटली, पण उष्णता साठवून रात्री खोलीत सोडणारे छत घरावर आले, आणि त्यावरचा उपाय म्हणून कूलर आला.

हा कूलर कोणत्याही विज्ञानकथेला शोभेल असे यंत्र आहे. पत्र्याच्या पेटीच्या तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्या, तळाशी पाणी, ते वर चढवणारा छोटा पंप आणि समोर पंखा, एवढाच त्याचा संसार. ओल्या ताट्यांतून जाणारी कोरडी हवा पाण्याची वाफ करते, त्यात तिची उष्णता खर्च होते आणि ती गार होऊन आत येते. म्हणजे गारवा पाण्याच्या मोलाने मिळतो, आणि तोही नेमका अकोल्याला पाणी पुरवणाऱ्या काटेपूर्णा धरणाची पातळी उतरत असते त्याच महिन्यांत. पाणी खारे असेल तर ताट्यांवर क्षारांची पुटे चढतात. शिवाय हे यंत्र हवेच्या कोरडेपणावर जगते: मृगाची पहिली सर आली की तोच कूलर अंग चिकट करू लागतो. शास्त्रज्ञ ज्याला ओल्या फडक्याचे तापमान म्हणतात, म्हणजे तापमापीच्या टोकाला भिजलेले कापड गुंडाळल्यावर दिसणारा आकडा, तो ३५ अंशांवर गेला की घामानेही शरीर निवत नाही आणि सावलीत बसलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकत नाही. उद्याचा उन्हाळा उष्ण आणि दमटही झाला, तर अकोल्यातील प्रत्येक खिडकीत बसवलेली ही पेटी एका हंगामात निकामी होईल. मग गारवा कोणाकडे राहील, तो विकत मिळेल की वाटून, गच्चीवर निजण्याचा हक्क भाडेकरूला असेल का, हे प्रश्न असिमॉव्ह यांच्या बेसिनइतकेच कथेच्या उपयोगाचे आहेत.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की विज्ञानकथेचे काम विज्ञानातील कल्पना मांडणे हे आहे, घरबांधणीचे तपशील देणे हे नव्हे. परंतु बाष्पीभवन, मातीचे फुगणे आणि भूजलातील क्षार हेही विज्ञानच आहे, आणि ते माणसाच्या अंगाला रोज भिडते. कृष्णविवर समजावून घ्यायला वाचकाला जो प्रयास पडतो, तो इथे पडत नाही, एवढाच फरक.

कल्पित नगरांत आणखी एक उणीव वारंवार दिसते: ती एकाच दिवशी, एकाच हाताने बांधल्यासारखी असतात. खरे शहर तसे घडत नाही. अमरावतीभोवतीचा परकोट, म्हणजे गावाभोवतीची तटबंदी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या अमलात पेंढाऱ्यांच्या भयाने, इथल्या धनिक व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी उभारला गेला. १८१७-१८ च्या मोहिमेत पेंढारी मोडले गेले आणि भिंतीचे कारण संपले, पण भिंत राहिली. कापसाचा व्यापार तिच्याबाहेर फुगला, आणि जवाहर गेट, अंबा गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, माताखिडकी ही आज पत्ता सांगण्याची नावे झाली आहेत. ज्या नगराच्या रस्त्यांत विझलेल्या भयाचे वळण नाही, ते वाचकाला सजावट वाटते. उष्णतेपासून वाचण्यासाठी उद्याच्या वऱ्हाडी शहरावर एखादे छत उभे राहिले, तर हवामान निवल्यावर शंभर वर्षांनी त्या छताची मालकी कोणाकडे असेल, त्याच्या खांबांना टेकून कोणी दुकाने थाटलेली असतील आणि ते पाडावे असे म्हणणाऱ्यांना कोण विरोध करील, याचा नमुना शोधायला मराठी लेखकाला दुसऱ्या ग्रहावर जाण्याचे कारण नाही.