ओळखीचा माणूस

अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही, असं आपण मुलांना पुनःपुन्हा बजावतो. पण धोका तेवढाच नसतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल अत्याचारावर अहवाल काढला. महाराष्ट्र-गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांपैकी ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं त्यात नोंदवलं आहे. अशा मुलांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. त्रास देणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते.

पाहुणे आले की मुलाला पुढे ढकलायचं, "मामांना पापी दे" म्हणायचं, त्याने अंग चोरलं की "लाजतोय" म्हणून हसायचं. हे सगळं प्रेमानेच चालतं. पण आपल्या नकाराला घरात किंमत नाही, हे मूल तिथेच शिकतं. पुढे कुणी "हे आपलं गुपित हं" म्हणालं, तर त्याने कुणाच्या जोरावर नाही म्हणायचं?

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अशा अत्याचाराचा संशय आला तरी कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. नातेवाइकाने केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर धरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा बलात्काराला किमान २० वर्षं कैदेची शिक्षा आहे, ती फाशीपर्यंत जाऊ शकते. या दुरुस्तीचं जोरात स्वागत झालं. मला मात्र त्यात एक भाबडेपणा दिसतो. स्वागत करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा अंधाऱ्या गल्लीतला कुणी नराधम होता. घरातल्या मुलीला ऐकावं लागतं ते वेगळंच: "तू बोललीस तर बाबा फासावर जातील, मग आपण खायचं काय?" आईचं तोंडही याच प्रश्नाने बंद होतं. अब्रूची काळजी असतेच, पण भाडं आणि शाळेची फी तिच्या आधी येतात. आणि तो माणूस काका असेल, तर त्याला गावी धाडून "मिटवलं" जातं. गावीही मुलं असतात.

म्हणून शाळेत चांगला-वाईट स्पर्श शिकवणं आवश्यक असलं, तरी पुरेसं नाही. त्यात राखण पुन्हा मुलावरच येते. तक्रारीनंतर पोलिस चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवतात. आरोपी त्याच घरात राहणारा असेल, तर मुलाला तिथून हलवायचं का, हे समिती तीन दिवसांत ठरवते. हलवलं की शाळा, मैत्रिणी, भावंडं सगळं मागे राहतं. मुलीला घरीच ठेवून त्या माणसाला बाहेर काढायचं, आणि तो तुरुंगात असताना घर चालेल इतके पैसे आईच्या हाती द्यायचे, याची तजवीज आधी हवी.