जुनी गिटार आणि खरा भाव

काही महिन्यांपूर्वी गायनवृंदातील एक तरुण रविवारची मिस्सा आटोपल्यावर आम्हांला भेटला. चेहऱ्यावर आनंद होता, पण काहीतरी खुपतही होते. शेजारच्या एका वयस्क मावशींनी त्याला अदलाबदल सुचवली होती. मावशींचे यजमान जहाजावर नोकरीला होते. साठच्या दशकात त्यांनी परदेशातून एक इलेक्ट्रिक गिटार आणली होती आणि लग्नकार्यात ते ती हौसेने वाजवीत. ते गेल्यापासून गिटार पेटीतच पडून होती. आता नातवाला गिटार शिकायची आहे. मावशी म्हणाल्या, "बाळा, ही विजेवरची त्याच्या काय कामाची? तुझी साधी गिटार त्याला दे आणि ही तू घेऊन जा."

तरुणाने पेटी उघडली आणि तो गप्पच झाला. आत फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर होती. मानेच्या जोडावरील धातूच्या पट्टीवरचा क्रमांक, गिटारीच्या डोक्याचा लहान आकार आणि मूळ रंग पाहून ती १९६५ च्या आधीची असावी, असे त्याला वाटले. लिओ फेंडर यांनी आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या मोठ्या कंपनीला विकली. त्यानंतर कामातील काळजी कमी झाली, असे जाणकार मानतात. म्हणून त्याआधीच्या गिटारींना संग्राहक लाखो रुपये मोजतात. तरुणाची स्वतःची गिटार काही हजारांची.

त्याचा प्रश्न सरळ होता. "मी मावशींकडे काही मागितले नाही, खोटे बोललो नाही. त्यांनीच सुचवले. नातवाला हवी ती गिटार मिळेल, मला हवी ती मिळेल. दोघेही खूश. मग यात चूक कुठे?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही, कारण प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गिटारीची पारख करायला तो दहा वर्षांत शिकला. त्या कष्टाचे काही मोल आहे की नाही? भंगारातून जुने पितळ ओळखून काढणारा दुकानदारही आपल्या पारखीवरच पोट भरतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला आपले सगळे ज्ञान सांगत बसलो, तर व्यापार चालायचा कसा?

हा वाद फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ.स.पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एका व्यापाऱ्याचे उदाहरण घेतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे आणि अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन एक व्यापारी तेथे पोहोचतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजेनिस या तत्त्वज्ञाचे म्हणणे असे, की खोटे बोलू नये एवढे पुरे. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. नुसते गप्प राहणे वेगळे आणि जे कळल्याने समोरच्याचे हित होईल ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे वेगळे, असा त्याचा निवाडा आहे.

संत ऑगस्टीन यांनी 'त्रैक्य' या विषयावरील आपल्या ग्रंथात अशीच एक हकिकत नोंदवली आहे. एका माणसाकडे हस्तलिखित विकायला आले. विकणाऱ्याला त्याची खरी किंमत माहीत नव्हती, म्हणून तो अगदी थोडे पैसे मागत होता. घेणाऱ्याने मागितले तेवढे न देता योग्य तो मोठा मोबदला त्याच्या हातावर ठेवला. त्या व्यवहारातही विकणारा स्वल्प किमतीत खूशच झाला असता. पण तो खूश राहिला असता तो त्याच्या अज्ञानामुळे. ज्या आनंदासाठी समोरच्याने अजाण राहणे गरजेचे असते, त्या आनंदाला आम्ही संमती कशी म्हणावी?

तरुण म्हणाला, "म्हणजे महागडी वस्तू स्वस्तात घेणे नेहमीच पाप?" नाही, तसेही नाही. त्यालाच माहीत असलेली एक गोष्ट आम्ही त्याच्याकडून पुन्हा ऐकली. इंग्लंडचा गिटारवादक पीटर ग्रीन १९७० मध्ये 'फ्लीटवुड मॅक' हा आपला वाद्यवृंद सोडून गेला. त्याच्याकडे १९५९ सालची गिब्सन लेस पॉल गिटार होती. ती त्याने बेलफास्टच्या गॅरी मूर या तरुण वादकाला दिली. अट एवढीच, की मूरने आपली गिटार विकावी आणि जे पैसे येतील ते द्यावेत. एका अर्थी ही अदलाबदलच. पण ग्रीनला आपली गिटार काय आहे हे पुरते ठाऊक होते. ती चांगल्या हातात जावी, एवढीच त्याची इच्छा होती. जाणून दिलेली ती देणगी होती. पुढे १९९५ मध्ये मूरने ग्रीनच्या गाण्यांचा एक संपूर्ण अल्बम काढून आपली कृतज्ञता व्यक्त केली.

मावशीही कदाचित अशाच उदार होतील. पण उदार होण्याची संधी त्यांना सत्य कळल्यावरच मिळेल. आपण गप्प राहिलो, तर त्यांचे पैसेच नव्हे, तर देण्याचा अधिकारही आपण काढून घेतो.

वाचकहो, हा प्रश्न केवळ गिटारीचा नाही. ज्या शेताजवळून उद्या रस्ता जाणार आहे, ते शेत आज आपल्याच काकांकडून जुन्या भावाने कोण विकत घेतो? आजीचे दागिने "जुन्या घडणीचे" म्हणून कोण कमी लेखतो? तेथे आम्हीही कधीकधी "मी कुठे खोटे बोललो?" असे म्हणून सुटका करून घेतली आहे. अनोळखी बाजारात समोरचा सावध असतो. मावशी सावध नव्हत्या, कारण मुलगा आपल्या ओळखीतला होता. त्या विश्वासावर नफा कमावायचा का, हा खरा प्रश्न होता.

तरुणाने त्याच संध्याकाळी मावशींना सगळे सांगितले. गिटारीला पुन्हा रंग देऊ नका, तिचा एकही भाग बदलू नका, नाहीतर किंमत उतरेल, हेही सांगितले. मावशी बराच वेळ पेटीकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "मुलांना विचारते." अदलाबदल अजून झालेली नाही. कदाचित होणारही नाही, आणि त्याचे त्याला वाईट वाटते, हे तो लपवीत नाही.

दर शनिवारी मात्र तो आपली साधी गिटार घेऊन मावशींच्या घरी जातो. नातू तिच्यावर पहिले सूर शिकतो आहे.