हात कुणाचे, सोवळं कुणाचं?

एक प्रश्न समोर ठेवतो. एक माणूस दुसऱ्याच्या फायद्यासाठी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून, पगार घेऊन मारामारी करतो. तो मार कुणाचा? मारणाऱ्याचा, की त्याला मारायला ठेवणाऱ्याचा?

इथलं उदाहरण घेतलं की आपण लगेच बाजू घेतो. आपला की परका, एवढंच बघतो आणि विचार तिथंच मरतो. म्हणून मी मुद्दाम लांबचं घेतो. कॅनडा-अमेरिकेतली बर्फावरची हॉकी.

पायात पात्यांचे बूट, हातात काठी, चेंडूऐवजी रबराची चकती, एका बाजूला सहा गडी. नॅशनल हॉकी लीग ही तिथली सगळ्यात मोठी, धंदेवाईक स्पर्धा. या लीगमधल्या बहुतेक संघांत कित्येक वर्षं एक गडी असा असायचा, की गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. त्याला एन्फोर्सर म्हणायचे. आपल्या संघातल्या महागड्या, हुशार खेळाडूला कुणी आडवा आला, की यानं हातमोजे फेकायचे आणि समोरच्याला बुकलून काढायचं. बहुतेक वेळा समोरचाही असाच, त्याच कामाला ठेवलेला. म्हणजे ज्यांचं एकमेकांशी काही वाकडं नाही, अशी दोन माणसं एकमेकांचे जबडे फोडणार.

आणि पंच? ते उभे राहून बघतात. एक जण खाली पडला किंवा दोघंही दमले, की मध्ये शिरतात. शिक्षा काय, तर पाच मिनिटं बाहेर बसायचं. ऑलिंपिकमध्ये याच गोष्टीसाठी गड्याला सामन्यातून घालवून देतात. बर्फ तोच, काठी तीच. तेव्हा मारामारी खेळाच्या रक्तातच आहे, हे बोलणं खोटं. ती ठेवलीय म्हणून आहे.

वेन ग्रेट्झकी हा या खेळातला सगळ्यात मोठा खेळाडू. एडमंटनच्या संघात असताना त्याच्या पाठीशी आधी डेव्ह सेमेन्को होता, मग मार्टी मॅकसोर्ली आला. १९८८ साली ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसच्या संघाला विकलं, तेव्हा त्याच सौद्यात मॅकसोर्लीही गेला. ढाल बरोबर दिली. आता पुढचं बघा. या लीगमध्ये सभ्य खेळासाठी लेडी बिंग चषक देतात. तो ग्रेट्झकीला पाच वेळा मिळाला. त्यांतला १९९१ चा आणि १९९२ चा, मॅकसोर्ली त्याच्या संघात असताना.

ग्रेट्झकीचा खेळ सुंदर होता, यात वाद नाही. तो लबाड होता असंही मी म्हणत नाही. पण त्याचे हात स्वच्छ राहिले, कारण दुसऱ्या कुणाचे तरी रक्तानं भरत होते. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सोवळं एकट्यानं पाळता येत नाही. एकानं सोवळ्यात राहायचं, तर दुसऱ्या कुणीतरी मेलेलं ढोर ओढलंच पाहिजे. मग ओढणारा ओंगळ ठरतो, आणि ज्याचं ढोर होतं तो पवित्र.

२१ फेब्रुवारी २००० रोजी व्हँकुव्हरला सामना होता. मॅकसोर्ली तेव्हा बोस्टनकडून खेळत होता. व्हँकुव्हरचा एन्फोर्सर होता डोनाल्ड ब्रॅशिअर, काळा माणूस. आधीच्या मारामारीत ब्रॅशिअर वरचढ ठरला होता. सामना संपायला काही सेकंद उरले असताना मॅकसोर्लीनं त्याच्या डोक्यावर काठी घातली. ब्रॅशिअर बर्फावर आदळला, त्याच्या डोक्याला जबर मार बसला. पोलीस केस झाली. त्याच वर्षी कोर्टानं मॅकसोर्लीला शस्त्रानं हल्ला केल्याबद्दल दोषी धरलं. तुरुंगात घातलं नाही, पण त्यानंतर तो त्या लीगमध्ये खेळला नाही.

निकाल बरोबर होता. ब्रॅशिअरचं डोकंही कुणाच्या तरी पोराचंच डोकं. पण आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस एकच होता. ज्यांनी त्याला वर्षानुवर्षं याच कामाचा पगार दिला, ते मालक कुठं होते? उभं राहून आरोळ्या ठोकणारे प्रेक्षक कुठं होते? ठरवून दिलेल्या रेषेच्या आत मारलं तर शाबासकी, एक पाऊल पुढं गेलं तर गुन्हेगार. आणि रेष आखणारा कायम कोरडा.

कुणी म्हणेल, पैसे मिळत होते की. मिळत होते. डेरेक बूगार्ड नावाच्या गड्याला २०१० साली न्यूयॉर्कच्या संघानं चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलर कबूल केले. या लीगमध्ये तो २७७ सामने खेळला, गोल तीन. १३ मे २०११ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी, दारू आणि वेदनाशामक गोळ्या एकत्र होऊन तो मेला. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा मेंदू तपासला. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून मेंदू झिजवणारा रोग त्यात सापडला. पुढं ३१८ जुन्या खेळाडूंच्या दाव्यात लीगनं २०१८ साली सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरची तडजोड केली. जबाबदारी मात्र मान्य केली नाही. पैसे घ्या, पण आमचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही! ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

हे काम करणारे बहुतेक गोरेच होते. पण काळा किंवा आदिवासी पोरगा त्या बर्फावर आला, की त्याच्या मुठीच आधी दिसायच्या. व्हॅल जेम्स हा अमेरिकेत जन्मलेला, या लीगमध्ये खेळलेला पहिला काळा खेळाडू. तोही एन्फोर्सर. प्रेक्षकांनी त्याच्यावर केळी फेकली. जिनो ओजिक हा कॅनडातल्या अल्गोन्क्विन या मूळनिवासी जमातीचा. व्हँकुव्हरच्या पावेल बुरे या वेगवान खेळाडूचा तो राखणदार होता. त्याच्या पाठीवर २९ नंबर असायचा. मूळनिवासींची पोरं घरातून उचलून ज्या निवासी शाळांत कोंबली जायची, तसल्या शाळेत त्याच्या बापाला नावाऐवजी हा नंबर मिळाला होता. पोरानं तो मानानं पाठीवर घेतला. २०२३ साली, ५२ व्या वर्षी तो गेला. असल्या कामातही माणूस आपली अस्मिता उभी करतो. पण म्हणून ते काम न्याय्य ठरत नाही.

आपल्याकडचा येसकर आठवा. रात्रभर गावाची वेस राखायची आणि राहायचं वेशीच्या बाहेर. तुलना ताणायची नाही. ओजिक नोकरी सोडू शकत होता, येसकराच्या पोराला जन्मतःच काठी मिळायची. पण राखणाऱ्याला राखलेल्या घरात जागा नाही, हे दोन्हीकडं सारखंच.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केलाय. मला वाटतं, इथं तिसरी गोष्ट दिसते. मारण्याची नोकरी. तिच्यात इच्छा नाही, गरजही नाही. गरज मालकाची, मूठ गड्याची. हातानं केलेल्याचा जाब हाताला द्यावाच लागेल. नोकर होतो म्हणून कुणी सुटत नाही. पण मोठा जाब त्याचा, ज्यानं दुसऱ्याचे हात भाड्यानं घेतले आणि स्वतः सभ्यतेचा चषक उचलला.

आता इथलं बोलू. मोर्चात पुढं कोण असतं? लाठी कुणाच्या डोक्यात बसते? स्टेजवर कोण असतं? केस लागल्यावर तारखांना कोण फिरतं, कुणाची नोकरी जाते, जामिनासाठी कुणाची आई दारोदार हिंडते? वस्तीतल्या ज्या पोराला आपण कौतुकानं 'आपला वाघ' म्हणतो, त्याला कधी बैठकीत विचारतो का, की बाबा, तुला काय वाटतं? का त्याच्या फक्त मुठीच मोजतो?

वस्तीवर हल्ला झाला तर स्वतःला वाचवायची गरज खरी असते. त्या वेळी गप्प बसणं म्हणजे अहिंसा नव्हे. पण ती गरज सगळ्यांची आहे, म्हणून निर्णयही सगळ्यांचा, आणि त्यानंतरचं हॉस्पिटल, कोर्ट, बेकारी हेही सगळ्यांचं. ज्या माराची जबाबदारी मी स्वतः, माझ्या नावानं, कोर्टात उभं राहून घेणार नाही, तो दुसऱ्याच्या हातानं मारायचा मला हक्क नाही. चळवळीत हा नियम नसेल, तर आपण एक नवं सोवळं तयार करतोय. आणि त्याच्या वेशीबाहेर आपलाच भाऊ उभा आहे.