श्रवणाचा पहिला मान

नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’तल्या चौथ्या दशकाचा पहिला समास त्यालाच दिला. मग ज्याला ऐकूच येत नाही, त्याने सुरुवात कुठून करायची?

आधी ऐकू येते की नाही, हे कसे तपासतात ते पाहू. छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’सारख्या रुग्णालयात डॉक्टर ५१२ हर्ट्झचा नादकाटा आधी कानाजवळ धरतात, मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवतात. हाडावरून आवाज मोठा वाटला, तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात. ऑडिओमेट्रीत रुग्ण शांत खोलीत हेडफोन लावून बसतो आणि बारीकसा ‘टूं’ आला की बटण दाबतो. तान्ह्या बाळाचे काय? त्याच्या झोपेत ‘ओएई’ चाचणी होते. निरोगी आतला कान स्वतःच क्षीण ध्वनी बाहेर पाठवतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवून दिले; तोच ध्वनी ही चाचणी टिपते. निसर्गाची ही केवढी नवलाई!

यंत्र मोजते ते आवाजाचे पोचणे; श्रवण मात्र तेवढ्यावर थांबत नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी मैत्रेयीला श्रवणापाठोपाठ मनन आणि निदिध्यासन सांगतात. अर्थ हातांच्या खुणांतून आला, तरी मनन अडत नाही. म्हणून ऐकू न येणारा भाविकही श्रोताच आहे. पैठणच्या नाथषष्ठीपासून गावच्या सप्ताहापर्यंत, कीर्तनकाराशेजारी सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा राहील एवढी सोय आयोजकांनी जरूर करावी.