दुसरा हात

एका गावात एक म्हातारा शेतकरी होता. त्याच्या विहिरीवर मोट चालायची. मोटेचा नाडा त्याने स्वतःच्या हाताने वळला होता.

त्याच्याकडे दोन गडी होते. थोरला मोठा बोलका. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून तो नाडा दाखवायचा. वाख कुठला, पेड किती, मालकाने तो किती दिवस वळला, सगळे त्याला तोंडपाठ. "हत्ती बांधला तरी तुटायचा नाही," असे तो म्हणे. ते खोटेही नव्हते. धाकटा अबोल. त्याला यातले फारसे काही सांगता येत नसे.

एका उन्हाळ्यात दोघे गाळ काढायला विहिरीत उतरले. दुपारी एका बाजूची दरड ढासळली. पायऱ्या तिच्याखाली गेल्या. तळाचा झरा मोकळा झाला आणि पाणी चढू लागले. पोहता दोघांनाही येत नव्हते. धाकटा एका दगडावर चढला. थोरल्याने कपारीतून आलेली पिंपळाची मुळी धरली.

मालकाने बैल जुंपले आणि नाडा खाली सोडला. तो विहिरीच्या मधोमध लोंबू लागला. धरायचा तर पायाखालचा दगड सोडून उडी घ्यायला हवी होती.

धाकटा थरथरत होता. "मालक, तुटणार नाही ना?"

"मी वळलाय. ये."

त्याने डोळे मिटले आणि उडी घेतली. त्याचे हात घसरले, सोलवटले. नाडा काही तुटला नाही. बैलांनी त्याला वर आणले.

नाडा पुन्हा खाली गेला.

"थोरल्या, धर!"

"मालक, नाडा पक्का आहे! माझा पुरा भरवसा आहे!"

"मग धर की."

थोरल्याने वाकून एका हाताने नाडा धरला. दुसरा हात मुळीवरच होता. बैलांनी ओढ घेतली तसा तो कळवळून ओरडला. मालकाने बैल थांबवले. पाणी कमरेला लागले, मग छातीला. तो नाड्याची थोरवी सांगतच होता.

धाकटा काठावर पालथा पडून ओरडला, "दादा, मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, तरी मी वर आलो! ती मुळी सोड!"

"दोन्ही हातांनी धर!" मालक म्हणाला.

पाणी हनुवटीला टेकले. थोरल्याने वर पाहिले. मालक अजून उभा होता. मग त्याने मुळी सोडली, दोन्ही हात नाड्याला घातले, आणि बैल चालू लागले.

त्यानंतर तो नाड्याविषयी कमी बोलू लागला. पण पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या मळ्यातले पोर विहिरीत पडले, तेव्हा खांद्यावर नाडा टाकून सगळ्यांच्या आधी धावला तो हाच गडी.

आपल्या मंडळ्यांतही थोरल्यासारखे ख्रिस्ताविषयी बिनचूक बोलणारे पुष्कळ आहेत. ते खोटे बोलत नाहीत. देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि कापतात, असे याकोबाच्या पत्रात लिहिले आहे. नुसत्या मानण्याने तारण होत असते, तर भुतेही तरली असती. धाकट्याचा विश्वास दुबळा होता, पण त्याचा सगळा भार नाड्यावर होता.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्या विदुषी होत्या, शास्त्राचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. तरी त्या वेळी आपल्याला धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. इतक्या मोठ्या बाईने हे कबूल करावे, याला मोठे धैर्य लागते. ख्रिस्त सापडल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच उभे राहिले.

वाचका, तुझा बाप्तिस्मा झाला असेल, तू नेमाने उपासनेला जात असशील. ते चांगलेच आहे. पण तुझा दुसरा हात कशावर आहे, ते आजच पाहा. आणि तो सोडवत नसेल, तर सोडण्याचे बळ प्रभूकडेच माग.