निष्पर्ण पारिजातक आणि आपली घाई



एप्रिल-मे महिन्यात आपल्या जालन्यातील कोणाच्याही अंगणातला पारिजातक पाहा. पाने झडलेली, फांद्या राखाडी, गेल्या हंगामातील चपटी वाळकी फळे तेवढी लटकलेली. ज्याला हे झुडूप ठाऊक नाही तो सहज म्हणतो, "वाळलं की हो हे, काढून टाका." आमच्या घरीही एका उन्हाळ्यात कुऱ्हाड बाहेर निघाली होती. शेजारच्या आजींनी थांबवले. "आधी नखाने साल खरवडून बघा," म्हणाल्या. खरवडले, तर आत हिरवेगार! कुऱ्हाड मुकाट्याने कोपऱ्यात परत गेली.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. एखाद्याची काळजी घेणे म्हणजे नेमके काय?

पारिजातक आपल्याच देशाचा. पानगळ हा त्याचा रोग नव्हे, ती त्याची रीत आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून कोरड्या दिवसांत हे झुडूप पानेच टाकून देते आणि आहे तेवढी ओल जपते. आपण प्रायश्चित्तकाळात उपवास करतो, जवळजवळ त्याच दिवसांत तेही आपला उपवास करीत असते.

ही गोष्ट न कळल्यामुळे आपल्या हातून दोन चुका होतात. पहिली चूक कुऱ्हाडीची. दुसरी चूक त्याहून गोड आहे, म्हणून ती लवकर लक्षात येत नाही. झाड सुकलेले बघवत नाही म्हणून आपण रोज बादलीभर पाणी ओततो. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. ते मुळाशी साचले की मुळे कुजतात. जे उन्हाने मेले नसते, ते आपल्या मायेने मरते.

दोन्ही चुकांचे मूळ एकच. तो जीव कोण आहे, त्याला काय हवे आहे, हे आपण विचारलेलेच नसते. पहिल्या चुकीत आपण निराश होतो, दुसऱ्या चुकीत आपल्याला धीर धरवत नाही.

लूकलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दाखला आठवावा. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागतो. तो नुसती गयावया करीत नाही. भोवतालची माती खणीन, खत घालीन, असे काम अंगावर घेतो. त्याची दया त्याच्या कुदळीत आहे. पुढे त्या झाडाला फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. तो शेवट त्याने आपल्यावर सोपवला असावा.

पारिजातकासाठी अशी कुदळ कोणती? पावसाळ्याच्या तोंडी बियांचे रोप किंवा छाट कलम लावावे. खड्डा दीड-दोन फुटांचा घ्यावा, काळ्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावे, म्हणजे पाणी तुंबत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. एकदा मूळ धरले की त्याला फारसे काही लागत नाही. गळलेली पाने जाळू नयेत, त्याच पाचोळ्याचे बुंध्याभोवती आच्छादन करावे. फुलांचा बहर सरल्यावर हलकी छाटणी करावी. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंट जमतात, लहान मुलांना तेथून दूर ठेवावे. आणि हो, आवारात गट्टू बसवताना बुंध्याभोवती निदान तीन-चार फूट माती उघडी ठेवावी.

आता अवघड प्रश्न. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे फुलझाडाला पाणी घालणे योग्य आहे काय? २०१२ साली पाऊस रुसला, त्यानंतरचा उन्हाळा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. रिकाम्या हंड्यांच्या रांगा, पाण्यावरून भांडणे. अशा वेळी तहानलेला माणूस आधी, यात दुमत असू शकत नाही.

पण बेथानीचा प्रसंगही आठवतो. मरियेने प्रभूच्या चरणांना मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा यहूदा इस्कार्योत म्हणाला की, हे विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? प्रश्न बरोबर वाटतो. पण त्याला गरिबांची कळकळ नव्हती, असे योहान स्पष्ट सांगतो. झाडाचे पाणी वाचवून आपण त्याच पाण्याने मोटारसायकल धुतली, तर आपलाही प्रश्न यहूदाचाच ठरेल. वाचलेली घागर शेजाऱ्याच्या दारी पोहोचली, तरच ती गरिबासाठी वाचली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रात धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते याच अर्थाने. या मातीतले झुडूप आपल्याला त्या पेचात फारसे टाकत नाही. भांडी विसळलेले पाणीही त्याच्या बालपणी पुरते. हिरवळीचे मखमली लॉन मात्र रोज पाणी मागते.

शेवटी, ही गोष्ट केवळ झाडाची नाही. आपल्या घरांतही काही माणसे निष्पर्ण दिसतात. मिस्साला येणे थांबवलेला तरुण, परीक्षेत मागे पडलेली मुलगी, खाटेला खिळलेले आजोबा, दारूशी झगडणारा भाऊ. त्यांना "वाया गेला" म्हणून मोडीत काढणे ही कुऱ्हाड झाली. रोज उपदेशाच्या बादल्या ओतणे ही दुसरी चूक झाली. त्यांना काय हवे आहे हे आधी जवळ बसून समजून घ्यावे. कधी मदत हवी असते, कधी औषध, कधी फक्त थोडा अवधी.

पावसाळा सुरू होताच पारिजातकाला पालवी फुटते. ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मोत्सव येतो, तोवर पहाटे अंगणात केशरी देठांचा सडा पडू लागलेला असतो. ही फुले कोणी तोडत नाही. ती रात्री उमलतात, पहाटे गळतात आणि आपण वाकून वेचतो. यंदा मातेच्या चरणी ती वाहताना, आपल्या घरातील त्या एका निष्पर्ण माणसाचे नाव मनात घेऊ या. आणि घरी परतल्यावर कुऱ्हाड आणि बादली बाजूला ठेवून, त्याच्याजवळ थोडा वेळ बसू या.