चैत्रातली हरळी

होळी झाली, सातपुड्यातला पळस झडू लागला आणि जळगाव जामोदात सकाळी नऊचं ऊनही चटके देऊ लागलं की समजायचं, वसंत आला. घरापुढे हौसेनं लॉन केलेल्या मंडळींच्या अंगात याच दिवसांत उत्साह संचारतो. मोबाईलवर एखादा व्हिडिओ बघायचा, दाताळ्यानं गवत खरवडायचं, वर युरिया भुरभुरायचा आणि पाईप सोडून चहाला बसायचं.

व्हिडिओतला माणूस खोटं सांगत नाही. फक्त तो थंड मुलखातला असतो. तिकडचं राय किंवा फेस्क्यू गवत १५ ते २४ अंशांत जोमानं वाढतं. हिवाळा सरला की त्याचा हंगाम सुरू होतो, म्हणून मार्च-एप्रिलात तिकडे खतपाणी. आपली हरळी २७ ते ३५ अंशांत फोफावणारी. फाल्गुनात ती थोडी पालवते खरी, पण पुढ्यात वैशाख उभा असतो. पारा चाळिशीपार गेला आणि पाणी तुटलं की ती वरून वाळते आणि जमिनीखालच्या काशांमध्ये जीव राखून बसते. तिचा खरा वसंत मृगात येतो. चैत्रात खत घालून तिला कोवळे फुटवे फोडायला लावणं म्हणजे ऐन उन्हात पोराला अनवाणी पिटाळणं.

आणि गंमत बघा. आपण अंगणात तिला पाणी घालत असतो, त्याच सकाळी गावाबाहेरच्या वावरात शेतकरी तिच्याच काशा वेचत असतो. उन्हाळी नांगरट करून ढेकळं तापू द्यायची, काशा उघड्या पाडायच्या, गोळा करून जाळायच्या. इतकं करूनही जून उजाडला की हरळी बांधावरून हसते. जी पिढ्यान् पिढ्या नांगराला पुरून उरली, ती आपल्या दोन महिन्यांच्या दुर्लक्षानं मरेल ही भीती सोडा.

भीती बाळगायची ती पाण्याची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वीस बाय वीस फुटांचं लॉन म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. एप्रिल-मेमध्ये ते हिरवंगार ठेवायला रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं, तरी १८५ लिटर झाले. जल जीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला दिवसाकाठी ५५ लिटरचा हिशेब धरला आहे. तीन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी गवत पिऊन जातं. आणि तेही कुठे? जिथल्या विहिरींचं पाणी खारं म्हणून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या १४० गावांसाठी वान धरणावरून योजना आणावी लागली, तिथे. मला हे पटत नाही. हौस असावी, पण दहा बाय दहाची असावी. उरलेल्या अंगणात सडा शोभतो, आणि कडुनिंबाची सावली तर लॉनहून थंड.

खाऱ्या पाण्याचं आणखी एक आहे. हरळी ते बरंच सोसते, माती सोसत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, चिकण जमीन असल्या पाण्यानं चोपण होते. वर पांढरा थर धरते, आत पाणी मुरू देत नाही. घरातल्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी ‘वाया कशाला’ म्हणून लॉनवर सोडणारे बरेच आहेत. ते पाणी तर मूळ पाण्याहूनही खारं असतं. ते मोरी धुवायला वापरा.

मग या दिवसांत करायचं काय? फार थोडं. गवत दीड-दोन इंचांवर ठेवा, बुडापर्यंत भादरू नका. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही. गवताची सावली मातीवर राहिली की ओल टिकते. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांआड, उजाडण्यापूर्वी, पाणी चार-सहा इंच खोल मुरेल इतकं द्या. तेवढंही पाणी नसेल तर गवत पिवळं पडू द्या आणि शेजाऱ्यांना सांगा, झोपलंय. त्यावर चालणं मात्र कमी करा.

नवं लॉन करायचं असेल तर नर्सरीतले महागडे मेक्सिकन गालिचे आत्ता आणू नका. वैशाखात जमीन खणून तापू द्या, चाळलेलं शेणखत आणून ठेवा आणि मृगाच्या दोन दमदार पावसांनंतर हरळीचे तुकडे बोटभर अंतरानं खोवा. पावसाचं गोडं पाणी साचलेला क्षारही खाली नेतं. तुकडे विकत घ्यायची गरज नाही. कुठल्याही वावराच्या बांधावर जाऊन मागा, मालक फुकट देईल आणि वर म्हणेल, सगळीच घेऊन जा.